सुपर बोल ५९: तुम्हाला नक्की कधी कळलं की संपलं?

ओव्हरलँडकर (धागाकर्ता)

रात्रीचे साडेदहा वाजलेत. पाहुणे गेले. ओट्यावर अठ्ठेचाळीस बटाटेवडे आहेत. साठ तळले होते, म्हणजे बारा संपले, आणि त्यातले चार मी एकट्याने रागाच्या भरात खाल्लेत.

ज्यांना गंधवार्ता नाही त्यांच्यासाठी: आज न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, झाला. आमचे कॅन्सस सिटी चीफ्स विरुद्ध फिलाडेल्फिया ईगल्स. लागोपाठ तिसरा सुपर बोल आजवर कोणालाच जिंकता आलेला नाही, तो आम्ही जिंकणार होतो. निकाल: ईगल्स ४०, चीफ्स २२. आणि हे २२ सुद्धा दिशाभूल करणारे आहेत, कारण तिसऱ्या क्वार्टरमध्ये फलकावर ३४-० होतं.

मी या गावात आलो तेव्हा मला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता घरात लाल झेंडा आहे, आणि सोफ्यावर कोणी कुठे बसायचं हेही ठरलेलं आहे (२०२३ ला जिंकलो तेव्हा बसलो होतो तसंच). मुलगा नऊ वर्षांचा. गेल्या सहा हंगामांत चीफ्स पाच वेळा सुपर बोल खेळलेत, त्यामुळे फेब्रुवारीतला हा रविवार म्हणजे आपला जन्मसिद्ध हक्क अशी त्याची समजूत आहे. तो वहीत दोन रकाने आखून फर्स्ट डाउन (चार प्रयत्नांत चेंडू दहा यार्ड पुढे नेला की एक) मोजतो. एक फर्स्ट डाउन, एक उभी रेघ. हाफटाइमला ईगल्सच्या रकान्यात रेघांची रांग होती आणि चीफ्सच्या रकान्यात एक रेघ. एकच. स्कोअर २४-०. त्याने ती रेघ पुन्हा एकदा पेन्सिलीने गिरवली, जाड केली, आणि वही मिटली.

तर प्रश्न असा: तुम्हाला कुठल्या क्षणी कळलं की संपलं? आणि कळल्यावर पुढे बघत बसलात का? बसलात तर का?

फिलीवाल्यांनी खुशाल नाचावं, पण उत्तर द्यावं.

ब्रॉडस्ट्रीट_भिडे

गो बर्ड्स!!!!!

(बाकी उद्या. आवाज पूर्ण बसलाय. बोटं शाबूत आहेत पण थंडीने वळत नाहीयेत.)

डेन्व्हरी_मिसळ

तुम्ही भाग्यवान. आम्हाला २०१४ साली बारा सेकंदांत कळलं होतं.

आमचे ब्राँकोज विरुद्ध सिएटल सीहॉक्स. सामन्यातला पहिलाच स्नॅप (खेळ सुरू करताना मागे दिलेला चेंडू), तो आमच्या पेटन मॅनिंगच्या डोक्यावरून थेट मागच्या एंड झोनमध्ये, सेफ्टी, सिएटलला दोन गुण. माझ्या हातात चिप्सचा पुडा होता, तो फुटायच्या आत आम्ही मागे पडलो होतो. शेवट ४३-८. आणि १९९० साली याच न्यू ऑर्लिन्सच्या डोममध्ये फोर्टीनाइनर्सनी आम्हाला ५५-१० धुतलं होतं, तो आजही सुपर बोलमधला सर्वांत मोठा पराभव आहे. त्यामुळे १८ गुणांनी हरलो म्हणून रडणाऱ्यांनी जरा बाजूला सरका, रांग मोठी आहे.

खारी_आणि_चहा

पुण्यातून बघणारा एक तरी असावा म्हणून हजेरी लावतो. आमच्याकडे पहाटे पाचला सुरू. आदल्या रात्री कटकला रोहितचे ९० चेंडूंत ११९ बघून झोपायला अकरा वाजलेले. पाच तास झोप, गजर, आलं घालून चहा, आणि समोर हे.

आमचा क्लायंट फिलाडेल्फियाचा आहे, म्हणून दोन वर्षांपासून बघतो. आधी नाइलाजाने, आता खाज म्हणून. साडेसहाला वडील उठले, फिरायला जाता जाता टीव्हीसमोर थांबले. दोन मिनिटं बघून म्हणाले, "ते लाल कपड्यातले उभे का राहतात? पडलेलेच राहा म्हणावं, उठलं की पुन्हा पाडतायत." मला तेव्हा कळलं की संपलं. ज्या माणसाला नियम माहीत नाहीत त्याला निकाल समजला म्हणजे झालंच की.

एडिसनचा_आप्पा

मी न्यूयॉर्क जायंट्सचा. माझ्या दुःखाला तुमच्या दुःखात जागा आहे का?

ईगल्सचा हा धावपटू बार्कली आमचा होता हो. २०१८ ला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) दुसऱ्याच क्रमांकावर उचलला, सहा वर्षं मोडक्या संघात एकटा धावला, आणि गेल्या मार्चमध्ये आम्ही त्याला सोडलं. मालकांनी कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवलं होतं की हा फिलीला गेला तर मला झोप लागायची नाही. मग जाऊ कशाला दिलात? या हंगामात प्लेऑफ धरून २५०४ यार्ड धावला, इतकं आजवर कोणीच धावलेलं नाही. वर काल त्याचा वाढदिवस!

मी न्यू जर्सीत राहतो. माझे शेजारी ईगल्सचे. आज सकाळी त्यांनी बर्फ काढताना माझ्याही दारातलं काढून दिलं. हा अपमान नाही तर काय?

सोनचाफा_७

@आप्पा, बर्फ काढून दिलं त्याचंही तुम्हाला दुःख? :D

कोपरारक्षक

धाग्याचा प्रश्न भावनिक आहे, पण मी थोडं खेळाबद्दल बोलतो. शाळा-कॉलेजात कबड्डी खेळलोय, त्यामुळे माझं लक्ष नेहमी बचावाकडे असतं.

क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, अंगावर साधारण चार जण धावून जातात. पाचवा, सहावा पाठवला की त्याला ब्लिट्झ म्हणतात. दबाव वाढतो, पण मागे जागा मोकळी पडते, आणि चीफ्सचा क्वार्टरबॅक महोम्स, त्याला मोकळी जागा म्हणजे मांजराला दूध. ईगल्सचे बचावाचे प्रशिक्षक विक फँजिओ. या माणसाने काल अख्ख्या सामन्यात किती वेळा ब्लिट्झ केला? एकदाही नाही. शून्य. आणि तरी महोम्स सहा वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकायच्या आत पाडला गेला. त्याच्या कारकिर्दीत एका सामन्यात इतक्या वेळा तो कधीच पडला नव्हता.

कबड्डीच्या भाषेत सांगायचं तर चढाईपटू आत आला, त्याला धरायला फक्त दोघे गेले, आणि बाकीचे पाच आपापल्या जागा धरून शांत उभे. त्या दोघांनी धरला तर पाचांना हलायची गरजच काय? जॉश स्वेट एकटा अडीच सॅक घेऊन गेला. मिल्टन विल्यम्सने दोन घेतले, वर चेंडूही हिसकावला.

दुसरी बाजू म्हणजे चीफ्सची ओळ, महोम्सपुढची भिंत. डावा टॅकल (ओळीतला कडेचा) म्हणून थूनी उभा होता, तो मूळचा गार्ड (टॅकलच्या आतल्या बाजूचा). चांगला खेळाडू, पण जागा त्याची नाही. यष्टिरक्षकाला पहिल्या स्लिपमध्ये उभं केलं तर तो झेल घेईलही, पण दिवसभर? आठवा २०२१ चा सुपर बोल, टँपाविरुद्ध. दोन्ही टॅकल जायबंदी, ३१-९ ने हरले, एक टचडाउन नाही. महोम्स सुपर बोल दोनदाच हरलाय आणि दोन्ही वेळा दुखणं एकच. जगातला उत्तम आचारी आणा, चूल पेटायला तीन सेकंद तरी द्याल की नाही?

त्यामुळे माझं उत्तर: दुसऱ्या क्वार्टरमध्ये लागोपाठ दोन सॅक झाले आणि त्यानंतर लगेच महोम्सने उजवीकडे पळत पळत आडवा चेंडू फेकला तेव्हा. ईगल्सच्या डिजीनने तो पकडला आणि ३८ यार्ड पळत टचडाउन केलं. १७-०. पोरगा पहिल्याच वर्षाचा, आणि त्याचाही काल बाविसावा वाढदिवस.

ओव्हरलँडकर

@कोपरारक्षक, "चूल पेटायला तीन सेकंद" हे मी उद्या ऑफिसात इंग्रजीत सांगणार आहे आणि कोणालाही कळणार नाही.

त्या इंटरसेप्शनला आमच्या घरात शांतता पसरली ती अशी की तळणीचा आवाज ऐकू यायला लागला. बायको दुसरा घाणा काढत होती.

नवखा_प्रेक्षक

बाळबोध प्रश्न. ३४-० म्हणजे किती वाईट? फुटबॉलमध्ये ३-० म्हणजे वाट लागली. इथे चौतीस आकडा बघून मला वाटलं बास्केटबॉलसारखं असेल, दहा मिनिटांत भरून निघेल.

कोपरारक्षक

टचडाउनचे ६, त्यानंतर किक मारली तर १ किंवा पुन्हा चेंडू रेषेपार नेला तर २. फील्ड गोल ३. म्हणजे एका खेपेला जास्तीत जास्त ८. ३४ भरायला पाच खेपा लागतात, आणि त्या वेळात समोरच्याने काहीच करायचं नाही. तुमच्या फुटबॉलच्या हिशेबात ५-० धरा.

खारी_आणि_चहा

@नवखा_प्रेक्षक, किंवा असं समजा: आशिया चषक २०२३ चा अंतिम सामना. सिराजचे ६ बळी, श्रीलंका ५० सर्वबाद, आपण ६.१ षटकांत जिंकलो. लोक दुपारचं जेवून टीव्हीसमोर बसले आणि चहाच्या आधी उठले.

नि:पक्षपाती_काकू

आता माझं ऐका. तुम्हा लोकांना हा सामना कंटाळवाणा वाटला म्हणून मला आश्चर्य वाटतंय. जिंकणारा संघ आपलं काम इतकं नेटकं करत असेल तर ते बघण्यात मजा नाही? भीमसेनजी गात असताना कोणी म्हणतं का, की तबलजी जरा मागे पडला म्हणून मैफल एकतर्फी झाली?

मला चीफ्सच्या वर्षभराच्या सामन्यांचाच जास्त कंटाळा आला होता. दर वेळी जेमतेम. पहिल्याच सामन्यात रेव्हन्सच्या लाइकलीच्या बुटाचं टोक रेषेबाहेर गेलं म्हणून वाचले. डेन्व्हरविरुद्ध शेवटच्या क्षणी किक अडवून १६-१४. पंधरा सामने जिंकले पण "वा!" असं म्हणावं असे किती? उधारीवर संसार चालला होता, काल वाण्याने खातं बंद केलं.

डेन्व्हरी_मिसळ

त्या किकची आठवण कशाला काढलीत काकू. आम्ही इथे दुसऱ्याच्या दुःखावर फुंकर घालायला आलो होतो.

रेषेवरचा_माणूस

मी स्पष्ट बोलतो. चीफ्सना दोन वर्षं रेफरींनी सांभाळलं, काल रेफरींनी हात वर केले, निकाल समोर आहे.

ओव्हरलँडकर

आलं का हे. मग कालच्या पहिल्याच चढाईत ईगल्सच्या ब्राउनने चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, घेतलेला झेल पेनल्टी देऊन रद्द केला, तो कोणाच्या बाजूने?

रेषेवरचा_माणूस

तेच म्हणतोय. सवयीने दिला. :)

ब्रॉडस्ट्रीट_भिडे

मी खोटं बोलणार नाही, त्या पेनल्टीला आमच्या गल्लीत जे शब्द ऐकू आले ते इथे लिहिले तर धागा उडेल.

एक_वायरमन

अवांतर: कटकला परवा फ्लडलाइट गेले आणि अर्धा तास खेळ थांबला ते सगळ्यांनी बघितलं. इतके हसले सगळे आपल्यावर. पण याच न्यू ऑर्लिन्सच्या डोममध्ये २०१३ च्या सुपर बोलमध्ये दिवे गेले होते, चांगले ३४ मिनिटं. रेव्हन्स २८-६ ने पुढे होते. दिवे आल्यावर फोर्टीनाइनर्स असे काही उठले की शेवट ३४-३१ पर्यंत आला.

म्हणजे ओव्हरलँडकर, काल तुम्हाला महोम्सची नाही, फ्यूज काढणाऱ्याची गरज होती.

सोनचाफा_७

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). महावितरणची शाखा न्यू ऑर्लिन्सला!

ओव्हरलँडकर

हे आधी सांगायचं ना राव.

लेकशोअरचे_आजोबा

मी शिकागोत १९८१ साली आलो. जानेवारी १९८६, एका खोलीत पाच मराठी पोरं, उसना आणलेला टीव्ही, अँटेनाला कपड्यांच्या हँगरची तार. शिकागो बेअर्स विरुद्ध न्यू इंग्लंड, तेही याच डोममध्ये. पहिले तीन गुण न्यू इंग्लंडचे झाले. नंतर ४६-१०. समोरच्यांनी सबंध सामन्यात धावून सात यार्ड मिळवले. सात. आमच्या स्वयंपाकघरातून न्हाणीघरापर्यंत तेवढं अंतर असेल.

आम्ही शेवटपर्यंत बघितलं, कारण आम्हाला वॉल्टर पेटनचं टचडाउन बघायचं होतं. पेटन म्हणजे आमचा गावसकर. अकरा वर्षं वाईट संघात एकटा झटलेला. एका यार्डावर चेंडू होता तेव्हा सगळे म्हणाले आता पेटन. तर चेंडू दिला कोणाला? "फ्रिज" म्हणून एक अगडबंब गडी होता, पेरी, त्याला. लोकांना गंमत वाटली, आम्हीही हसलो. सामना संपला तेव्हा लक्षात आलं, छेचाळीस गुणांत पेटनचा एकही नाही. एकतर्फी सामन्यातही अशी एखादी गोष्ट राहून जाते.

आणि ओव्हरलँडकर, तुमच्या मुलाला सांगा, आम्हालाही तेव्हा वाटलं होतं आता हे दरवर्षीचंच. ३९ वर्षं झाली. बेअर्स त्यानंतर एकदाच अंतिम सामन्याला पोचले, २००७ ला, आणि हरले.

एडिसनचा_आप्पा

आजोबा, प्रतिसाद आवडला. चांगल्या धावपटूला वाईट संघात अडकवायचं आणि मग... जाऊ द्या.

ताकभात

सगळे "पुढे बघण्यात अर्थ नव्हता" म्हणतायत म्हणून आठवण करून देतो. फेब्रुवारी २०१७, अटलांटा फाल्कन्स २८, पॅट्रिअट्स ३. मी अटलांटात राहायचो. तिसऱ्या क्वार्टरला माझ्या घरी केक कापला. हो, कापला. त्यावर अटलांटाचं बोधचिन्ह होतं. न्यू इंग्लंडने जादा वेळेत ३४-२८ ने जिंकला. तेव्हापासून मी कोणाच्याही घरी बारशाचासुद्धा केक वेळेआधी कापू देत नाही.

शब्दवेडी

गंभीर प्रश्न विचारते. सामना संपल्यात जमा असतो आणि हरणारा संघ उगाच गुण मिळवत राहतो, त्या वेळेला इंग्रजीत कचऱ्याचा वेळ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? चीफ्सचे सगळे २२ गुण ३४-० नंतर आले, त्यातले शेवटचे १६ तर ४०-६ नंतर.

नवखा_प्रेक्षक

फुकट फौजदारी?

सोनचाफा_७

वरातीमागून घोडं. शंभर टक्के बसतं.

नि:पक्षपाती_काकू

पंगत उठल्यावरचं वाढप.

शब्दवेडी

काकू, जिंकलात. यापुढे हाच शब्द. "चीफ्सच्या वर्दीचं ५० यार्डांचं टचडाउन हे पंगत उठल्यावरचं वाढप होतं."

कोपरारक्षक

आणि वाढलं तेही मठ्ठा. शेवटच्या चढाईच्या आधीच ईगल्सनी आपला क्वार्टरबॅक हर्ट्सला बसवून राखीव पिकेटला मैदानात आणलं होतं. म्हणजे यजमान हात धुवून सुपारी कातरतायत.

टिळकरोड_ट्रेकर

हर्ट्सच्या त्या एका यार्डाच्या ढकलाढकलीबद्दल कोणीच कसं बोललं नाही? पहिलं टचडाउन त्यावरच झालं. मागून दोघंतिघं ढुंगणाला धक्का मारतात आणि क्वार्टरबॅक रेषेपलीकडे. हा खेळ आहे की बंद पडलेली एसटी?

ब्रॉडस्ट्रीट_भिडे

धक्का स्टार्ट म्हणा, हरकत नाही. पण नियम सगळ्यांना एकच आहे ना? बाकीच्यांनीही मारावा धक्का. त्यांची गाडी सुरू होत नाही त्याला आम्ही काय करणार? हर्ट्स सहाशे पौंडांची उठाबैठक मारतो आणि समोर मायलाटा आहे. हा मायलाटा ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला. ड्राफ्टमध्ये निवड झाली तोवर अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळला नव्हता. साडेसहा फुटांवर उंची. तो एसटीच्या पुढे उभा राहिला तर एसटी मागे जाईल.

पेठेतला_पाहुणा

हाफटाइमच्या गाण्याबद्दल? केंड्रिक लमार. मला एक शब्द कळला नाही.

सोनचाफा_७

माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला सगळा कळला. तिने आम्हा सर्वांना "शू" केलं, तेरा मिनिटं. सामन्याच्या वेळी कानात बोंडं घालून बसलेली मुलगी. आमच्या घरातला हाच एक भाग अटीतटीचा झाला, कारण आजीला बाथरूमला जायचं होतं आणि वाट टीव्हीसमोरून.

नि:पक्षपाती_काकू

टेलर स्विफ्ट पडद्यावर दिसल्यावर हुर्यो उडवली ते मात्र मला आवडलं नाही. ती काय चेंडू टाकत होती?

डेन्व्हरी_मिसळ

टाकला असता तर बरं झालं असतं.

ब्रॉडस्ट्रीट_भिडे

झोपून उठलो. आता नीट लिहितो, लांबलचक होईल.

आम्ही साउथ फिलीत राहतो, ब्रॉड स्ट्रीटपासून चार चौक. घरं एकमेकांना चिकटलेली, पायऱ्या थेट फुटपाथवर. इथली जुनी पद्धत अशी की संघ जिंकला की म्हाताऱ्या बायका दारात येऊन पातेली वाजवतात. आमच्या शेजारी एक इटालियन आजी आहेत, ऐंशीच्या पुढच्या. सामना संपला, त्या अ‍ॅल्युमिनियमचं जुनं पातेलं आणि लाकडी डाव घेऊन पायरीवर. माझी बायको स्टीलचं ताट आणि पळी घेऊन गेली. दोन मिनिटांनी आजींनी पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, तुझं दे. आपल्या ताटाचा आवाज काय खणखणीत असतो! पहिल्या चौकापर्यंत ऐकू जात होतं. ते ताट अजून परत आलेलं नाही. सासूबाईंनी दिलेल्या सहाच्या सेटमधलं आहे, नाव घातलेलं. बायको म्हणते राहू दे.

मग मी आणि मुलगी ब्रॉड स्ट्रीटला गेलो. लोक दिव्याच्या खांबांवर चढतात, म्हणून नगरपालिका खांबांना वंगण लावते. मी मुलीला म्हटलं, बघ, आपल्याकडे मल्लखांबाला एरंडेल लावतात ते चढता यावं म्हणून, आणि हे लावतात चढू नये म्हणून. फरक काहीच पडत नाही, पोरं चढतातच. पण गंमतीत लिहीत असलो तरी एक सांगतो, पंधरा दिवसांपूर्वी उपान्त्य विजयाच्या रात्री अठरा वर्षांचा एक विद्यार्थी खांबावरून पडून दगावला. काल मी मुलीचा हात सोडला नाही.

आता प्रश्नाचं उत्तर. मला कधी कळलं? पिकेट मैदानात आला तेव्हा. त्याआधी नाही.

तुम्ही सगळे २४-० म्हणताय. ओव्हरलँडकर, दोन वर्षांपूर्वी अ‍ॅरिझोनात तुमच्याविरुद्ध हाफटाइमला आमचे किती होते? चोवीसच. २४-१४. मी तेव्हा आईला पुण्याला फोन करून सांगितलं होतं की जिंकतोय. मग तुम्ही ३८-३५ ने नेला, बटकरची किक, आठ सेकंद बाकी. त्यामुळे काल २४-० ला मी पाणी प्यायलो. ३४-० ला बायको म्हणाली आता तरी बस, मी भिंतीला टेकून उभाच. तुम्हाला एकतर्फी दिसत होतं ते मला दिसतच नव्हतं हो. मला प्रत्येक चेंडूला वाटत होतं, आता महोम्स उठणार.

आणि समोर अँडी रीड. चौदा वर्षं आमचे प्रशिक्षक होते. मुलगी झाली तेव्हाही तेच होते. त्यांना एकदा तरी आमच्यासाठी जिंकताना बघायचं होतं, ते तिकडे जाऊन जिंकायला लागले. काल ते हरले तेव्हा टोपी काढून आमच्या प्रशिक्षकाला, सिरियानीला, भेटायला निघाले, आणि मला एकदम कसंसंच झालं. लगेच बरं वाटलं, पण झालं खरं.

लेकशोअरचे_आजोबा

भिडे, ताट परत मागू नका.

ताकभात

भिडेंचा प्रतिसाद वाचून फाल्कन्सवाला म्हणून हात जोडतो. २८-३ ला तुम्ही उभे राहिला असतात, मी केक कापत होतो.

खारी_आणि_चहा

क्लायंटची आजची मीटिंग रद्द झाली. कारण दिलंय "प्रकृती अस्वास्थ्य". अकरा जणांची एकदम. शुक्रवारी १४ ला मिरवणूक आहे म्हणे, म्हणजे तेव्हा साथ पुन्हा पसरणार.

नवखा_प्रेक्षक

व्हॅलेंटाइनला मिरवणूक? बऱ्याच घरांत दुसरा एकतर्फी सामना होणार.

ओव्हरलँडकर

सगळ्यांचे आभार. खरं तर मी हा धागा चिडून काढला होता.

माझं स्वतःचं उत्तर द्यायचं राहिलं. ३४-० झाल्यावर दोन कुटुंबं उठली, उद्या शाळा आहे म्हणून. शाळा तर २०२३ लाही होती. मी टीव्ही बंद करायला रिमोट घेतला तर मुलगा म्हणाला थांब. वही उघडून पुन्हा बसला. तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी वर्दीचं पहिलं टचडाउन झालं तेव्हा त्याने रेघ मारली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढच्या चेंडूकडे डोळे. शेवटपर्यंत सगळ्या रेघा मारल्या. काकू म्हणतात ते पंगत उठल्यावरचं वाढप त्याने एकट्याने बसून जेवलं.

आज सकाळी त्याची तक्रार आली. हाफटाइमनंतर वही मिटली होती, त्यामुळे तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीच्या ईगल्सच्या रेघा कमी पडल्यात. भिडेकाकांना विचार म्हणतो, त्यांना माहीत असेल.

ब्रॉडस्ट्रीट_भिडे

माहीत नाही, पण सामना रेकॉर्ड केलाय. आज रात्री तो भाग बघून मोजतो. त्याला सांगा, बरोबर मोजीन, आमच्या बाजूने एकही जास्त नाही. (तो भाग म्हणजे काय, पहिल्यापासूनच बघतो.)

सोनचाफा_७

आणि वड्यांचं काय झालं?

ओव्हरलँडकर

वीस ऑफिसात नेले. सगळे लाल शर्ट घालून गप्प बसले होते, गारढोण वडे न बोलता संपवले. एकाने विचारलं, हे नेहमी थंडच खातात का? मी हो म्हटलं. उरलेल्यांचा आज कटवडा आहे.